दिवा दिसू नये, उजेड दिसावा

आमच्या सोसायटीला पंचवीस वर्षं झाली तेव्हा कार्यकारिणीनं ठरवलं, की इमारत रंगवायची आणि बाहेरून चांगली रोषणाई करायची. मी त्या वेळी सेक्रेटरी होतो. कवी माणूस सेक्रेटरी झाला की हिशेबाच्या वह्यांपेक्षा अशा कामांत त्याचा जीव जास्त रमतो. वायरमनला बोलावलं, एस्टिमेट घेतलं. भिंतीच्या पायथ्याशी वर तोंड करून चार फ्लडलाइट आणि गच्चीच्या कठड्यावर खाली तोंड करून चार. प्रत्येकी पन्नास वॉटचे, पांढरेशुभ्र. पहिल्या संध्याकाळी बटण दाबलं, तेव्हा रत्नागिरीच्या त्या गल्लीत आमची पाच मजली इमारत लग्नघरासारखी उजळून निघाली. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

पंधरा दिवसांनी समोरच्या घरातले एक निवृत्त शिक्षक दारात येऊन उभे राहिले. त्यांचा स्वभाव भांडखोर नव्हे. म्हणाले, "सेक्रेटरीसाहेब, तुमच्या इमारतीचा वाढदिवस छान झाला. आज रात्री अकराला जरा आमच्याकडे याल का? चहाला म्हणा हवं तर."

रात्री अकराला चहाला बोलावणारा शेजारी मी पहिल्यांदाच पाहत होतो. गेलो. सरांनी मला झोपायच्या खोलीत नेलं आणि दिवा मालवला. खोलीत अंधार झालाच नाही. समोरच्या भिंतीवर खिडकीच्या गजांच्या सावल्या एकेक मोजता येतील अशा उमटल्या होत्या. पलंगावर वहिनी डोळ्यांवर ओढणीची घडी बांधून पडल्या होत्या. महिन्यापूर्वी त्यांचं ऑपरेशन झालं होतं. सर हळू आवाजात म्हणाले, "पडदा लावला तर वारा बंद होतो. न लावला तर तुमचा उजेड." मी मान खाली घातली. ज्या उजेडाला मी टाळ्या वाजवल्या होत्या, तो कुठे कुठे जातो, हे मी एकदाही पाहिलं नव्हतं.

त्या रात्रीनंतर मी या विषयाच्या मागे लागलो. आवाजाचं प्रदूषण आपल्याला समजतं, कारण लाउडस्पीकर बंद झाला की हायसं वाटतं. धुराचं समजतं, कारण खोकला येतो. उजेडाचं प्रदूषण समजत नाही, कारण उजेड ही आपल्या मनात नेहमीच चांगली गोष्ट असते. सांजवात, दिवेलागण, आकाशकंदील हे सगळे शब्द मायेचे आहेत. उजेड जास्त झाला म्हणून कुणी तक्रार करील, हे आपल्या ध्यानीमनीही येत नाही. पण पाणी चांगलं म्हणून नळ रात्रभर उघडा ठेवून शेजाऱ्याच्या घरात सोडत नाहीत. उजेडाचंही तसंच आहे.

इमारतीबाहेरचा दिवा तीन तऱ्हेनं त्रास देतो. पहिला त्रास सरांच्या घरातला. जिथे उजेड नको आहे तिथे तो आगंतुकासारखा शिरतो. दुसरा त्रास रस्त्यावरून चालणाऱ्याला. उघडा, तेजस्वी दिवा थेट डोळ्यांत आला की बाहुली आकसते आणि दिव्याच्या मागचं, बाजूचं काहीच दिसत नाही. समोरून येणाऱ्या गाडीचा वरचा झोत डोळ्यांवर पडला की जे होतं तेच. अंधाराला पुरतं सरावायला डोळ्यांना वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि ती सवय मोडायला एक झगमगीत दिवा पुरतो. तिसरा त्रास आकाशाला. भिंतीकडे वर तोंड करून लावलेल्या दिव्याचा जेवढा उजेड भिंतीवर पडत नाही, तेवढा सरळ आभाळात जातो. तिथे हवेतले रेणू, धूळ आणि बाष्प यांच्यावर आदळून तो विखुरतो आणि गावावर उजेडाचा एक पडदा तयार होतो. तारे कुठे गेलेले नसतात, या पडद्यामागे झाकले जातात.

आपल्याकडे पावसाळ्यात हे सहज पाहता येतं. गावापासून दूर, दिवे नसलेल्या सड्यावर रात्री ढग आले तर आभाळ आणखी काळं होतं. शहरावर ढग आले तर ते उलट उजळतात, कारण खालून वर गेलेला उजेड ते परत खाली पाठवतात. पुढच्या पावसात आपल्या गावावरचे ढग रात्री जरूर पाहा. किती वीज आपण ढगांना दाखवण्यासाठी जाळतो, याचा अंदाज येईल.

एक गोष्ट मला नव्यानं कळली. सरळ वर जाणाऱ्या उजेडापेक्षा क्षितिजाच्या किंचित वर, आडवा जाणारा उजेड दूरवरचं आकाश जास्त बिघडवतो. त्याला हवेतून लांबचा प्रवास करावा लागतो आणि वाटेत तो जास्त विखुरतो. म्हणजे गच्चीवरचा दिवा थोडा तिरपा लावला, 'खालीच तर आहे' असं म्हटलं, तरी भागत नाही. त्याचं तोंड पुरतं जमिनीकडे हवं.

दुसरी गोष्ट रंगाची. एलईडी दिव्याच्या खोक्यावर एक आकडा असतो, ६५०० के, ४००० के, ३००० के, २७०० के. हा 'के' म्हणजे केल्विन. आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर पांढरा, आकडा जितका लहान तितका तो पिवळसर. आपल्याकडच्या दुकानात 'कूल डेलाइट' म्हणून मिळतो तो बहुधा ६५०० चा. पांढऱ्या एलईडीच्या पोटात मुळात निळा दिवा असतो आणि त्यावरचा पिवळट लेप त्याचा पांढरा उजेड करतो. हा निळा दिवा बनवणं फार अवघड होतं. ज्या तीन शास्त्रज्ञांनी ते साधलं, त्या आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ साली नोबेल मिळालं. शोध मोठाच आहे. पण निळा उजेड हवेत सर्वांत जास्त विखुरतो. दिवसा आकाश निळं दिसतं ते याच कारणानं. तेव्हा निळसर पांढरा दिवा रात्रीचं आकाश पिवळसर दिव्यापेक्षा जास्त धुऊन काढतो.

आणि शरीरालाही तो जास्त जागवतो. आपल्या डोळ्यांत पाहण्याच्या पेशींखेरीज दिवस आहे की रात्र एवढंच मेंदूला कळवणाऱ्या वेगळ्या पेशी असतात. त्या निळ्या उजेडाला सर्वांत जास्त दाद देतात. त्यांनी 'दिवस आहे' असं कळवलं की झोपेची वेळ सांगणारं मेलॅटोनिन हे संप्रेरक कमी तयार होतं. शरीरातलं हे घड्याळ पेशींच्या आत कसं चालतं, याचा उलगडा करणाऱ्या तिघा अमेरिकी शास्त्रज्ञांना २०१७ चं नोबेल मिळालं. वहिनींना डोळ्यांवर घडी बांधावी लागत होती, ती काही नाजूकपणामुळे नव्हे.

पावसाच्या सुरुवातीला दिव्याभोवती पंखवाल्या वाळवीचा थवा जमतो आणि सकाळी वऱ्हांडाभर पंख पडलेले असतात, हे कोकणात कुणाला सांगायला नको. निळसर पांढऱ्या दिव्याकडे किडे एकूणच जास्त येतात. दिवा पिवळसर केला तर हा उपद्रवही कमी होतो.

या साऱ्याची जगभरची मोजदाद झालेली आहे. २०१६ साली उपग्रहांच्या आधारे तयार झालेल्या नकाशानुसार जगातले ऐंशी टक्क्यांहून अधिक लोक उजळलेल्या आकाशाखाली राहतात, आणि एक तृतीयांशाहून अधिक लोकांना आपल्या घरून आकाशगंगा दिसतच नाही. २०२३ साली दुसरा अभ्यास प्रसिद्ध झाला. २०११ ते २०२२ या काळात सामान्य हौशी लोकांनी आपल्या गावातून किती तारे दिसतात याच्या पन्नास हजारांवर नोंदी केल्या होत्या. त्यांतल्या बहुतेक युरोप-अमेरिकेतल्या. त्यांवरून निघालेला हिशेब असा, की रात्रीचं आकाश वर्षाला सरासरी साडेनऊ टक्क्यांहून अधिक उजळत गेलं. आज जिथे अडीचशे तारे दिसतात तिथे जन्मलेल्या मुलाला अठराव्या वाढदिवशी शंभरच दिसतील. १९९४ च्या जानेवारीत लॉस एंजेलिसला पहाटे भूकंप झाला आणि शहराची वीज गेली. तेव्हा तिथल्या ग्रिफिथ वेधशाळेला लोकांचे फोन आले, की आकाश असं विचित्र का दिसतंय? ते नेहमीचं आकाश होतं. लोकांनी ते पाहिलेलं नव्हतं.

आता मुख्य प्रश्न, करायचं काय? मी काय केलं ते सांगतो, कारण ते कुणालाही करता येण्यासारखं आहे.

एका रात्री दहा वाजता मी, आमचा वायरमन आणि समोरचे सर असे तिघे वही घेऊन इमारतीभोवती फिरलो. प्रत्येक दिव्याखाली उभं राहून चार प्रश्न विचारले. हा कशासाठी आहे? त्याचा उजेड कामाच्या जागेवरच पडतो का? एवढा हवा का? आणि रात्रभर हवा का? शिवाय रस्त्यावर आणि सरांच्या अंगणात उभं राहून एक साधी परीक्षा घेतली. तिथून दिव्याचा बल्ब डोळ्यांना दिसतो का? दिसत असेल तर दिवा चुकला. जमिनीवरचा, पायरीवरचा, कुलपावरचा उजेड दिसला पाहिजे, दिवा दिसता कामा नये. या विषयातला सारा शहाणपणा मला या एका वाक्यात सापडला.

आठही फ्लडलाइटपुढे 'कशासाठी?' या प्रश्नाचं उत्तर एकच होतं, शोभेसाठी. ते काढले. नाव लिहिलेल्या पाटीवर खालून झोत होता. त्याऐवजी पाटीच्या वर, तोंड खाली करून, पत्र्याची टोपी घातलेला पाच वॉटचा पिवळसर दिवा बसवला. खालून लावलेल्या दिव्याचा वाया गेलेला उजेड आभाळात जातो, वरून लावलेल्याचा निदान आपल्याच अंगणात पडतो. फाटकावर उघडा ट्यूबलाइट होता. तिथे सपाट काचेचा, चारी बाजूंनी झाकलेला नऊ वॉटचा दिवा आला. पार्किंगमध्ये माणसाची चाहूल लागली की पेटणारे दोन दिवे बसवले. दोन मिनिटांनी ते आपोआप विझतात. वाटेवर गुडघ्याएवढ्या उंचीचे, खाली उजेड पाडणारे दोन छोटे दिवे. जिन्यातले दिवे जाळीतून बाहेर झळकत होते, ते आतल्या भिंतीकडे सरकवले. सगळे बल्ब २७०० केल्विनचे. पाटीचा दिवा साडेदहाला टायमरनं बंद होतो, फाटकाचा रात्रभर राहतो.

हिशेबही सांगतो. आठ फ्लडलाइटचे चारशे वॉट, रात्रीचे बारा तास म्हणजे जवळपास पाच युनिट, वर्षाचे साडेसतराशे. आता आमचे बाहेरचे सगळे दिवे रात्रीचं अर्धं युनिटही खात नाहीत. खरं तर एलईडी स्वस्त झाले, हेच आपल्या उधळेपणाचं एक कारण आहे. पन्नास वॉट हा आकडा लहान वाटतो. पण एलईडीचे पन्नास वॉट म्हणजे जुन्या शंभराच्या तीन-चार बल्बांचा उजेड. पूर्वी कुणी आपल्या भिंतीवर शंभराचे पंचवीस-तीस बल्ब रात्रभर लावले असते, तर घरच्यांनीच त्याला खुळ्यात काढलं असतं.

वार्षिक सभेत विरोध झालाच. पहिला आक्षेप सुरक्षिततेचा, "दिवे काढले तर चोर येतील." हा प्रश्न खोटा नाही. अंधारी गल्ली बाईमाणसाला भीतीची वाटते आणि योग्य जागी दिवा असलाच पाहिजे. पण आम्ही वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, "साहेब, तो झोत डोळ्यांवर असायचा तेव्हा फाटकाबाहेर कोण उभं आहे ते मला कळायचं नाही. आता तोंड दिसतं." झगमगाटाशेजारची सावली फार गडद असते, आणि लपणारा सावलीतच लपतो. सगळीकडे सारखा, मंद, खाली पडणारा उजेड डोळ्यांच्या कामाचा. आणि चाहूल लागल्यावर पेटणारा दिवा सगळ्यांचंच लक्ष वेधून घेतो.

दुसरा आक्षेप शोभेचा, "मग सणासुदीला काय अंधारात बसायचं?" मुळीच नाही. दिवाळीत आकाशकंदील लागतील, ईदला माळा लागतील. सण वर्षातून थोडे दिवस येतो, म्हणून तो सण असतो. रोजचीच दिवाळी केली तर खऱ्या दिवाळीला करायचं काय?

हे काही एका सोसायटीचं खूळ नाही. फ्रान्समध्ये १ जुलै २०१३ पासून इमारतींच्या दर्शनी भागावरचे दिवे रात्री एकच्या आत बंद करावे लागतात. शेवटचा माणूस बाहेर पडल्यावर तासाभरात कार्यालयांतले दिवेही मालवावे लागतात. न्यूयॉर्कमध्ये ११ सप्टेंबरच्या स्मरणार्थ दर वर्षी आकाशात दोन प्रचंड झोत सोडतात. स्थलांतर करणारे पक्षी त्यांत अडकून घिरट्या घालत राहतात. सात रात्रींच्या निरीक्षणांवरून अशा पक्ष्यांची संख्या अकरा लाखांच्या घरात असल्याचा अंदाज २०१७ साली प्रसिद्ध झाला. झोत थोडा वेळ बंद केले की पक्षी मार्गाला लागतात, म्हणून पक्ष्यांची गर्दी झाली की सुमारे वीस मिनिटं ते बंद ठेवतात. स्मृतीलाही बाध नाही आणि पक्ष्यांनाही.

आपल्या महाराष्ट्रातही चांगलं उदाहरण आहे. नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यासाठी वाघोली, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांतले शंभराहून अधिक दिवे बदलून जमिनीकडे तोंड असलेले बसवले. गावं अंधारात गेली नाहीत. उजेडाचं तोंड तेवढं खाली वळलं.

आणि आमच्या कोकणाला तर हा विषय फार जवळचा आहे. वेळास, आंजर्ले या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. पिल्लं वाळूतून बहुधा रात्री बाहेर येतात आणि क्षितिजाजवळ जिकडे जास्त उजळ दिसेल तिकडे निघतात. हजारो वर्षं ती बाजू समुद्राचीच होती, कारण जमिनीकडे झाडांचा काळोख असे. आता जमिनीकडे एखाद्या बंगल्याच्या, हॉटेलच्या भिंतीवर पांढरा झोत असला, तर पिल्लू पाठ फिरवून जमिनीकडे चालू लागतं. मग थकून मरतं, नाही तर कुत्र्या-कावळ्यांच्या तोंडी पडतं. किनाऱ्यावर घर किंवा हॉटेल बांधणाऱ्यांनी समुद्राच्या बाजूचे दिवे विणीच्या आणि पिल्लांच्या दिवसांत मालवले, निदान बुटके, झाकलेले आणि पिवळट-तांबूस केले, तर केवढा तरी फरक पडेल.

आवाजासाठी आपल्या देशात २००० सालचे स्वतंत्र नियम आहेत, डेसिबलच्या मर्यादा आहेत. उजेडासाठी तसे देशव्यापी नियम नाहीत. तोवर आपला उपाय म्हणजे बोलणं. समोरच्यानं बोलावं आणि आपण ऐकावं. सर पोलिसांत गेले असते तर मी बहुधा हट्टाला पेटलो असतो. त्यांनी मला त्यांच्या खोलीतली भिंत दाखवली, म्हणून मला माझी चूक दिसली.

त्या वर्षी रमजानच्या चंद्रासाठी आम्ही गच्चीवर गेलो. शाबान महिन्याची एकोणतीस तारीख. मावळतीनंतर जेमतेम काही मिनिटं पश्चिमेला खाली दिसणारी ती बारीक कोर. आदल्या महिन्यात याच वेळी टायमरनं कठड्यावरचे फ्लडलाइट पेटले होते आणि डोळे दिपून आम्हाला पश्चिमेचं काहीच दिसलं नव्हतं. आता दिवे नव्हते. मोहल्ल्यातली पोरं कठड्याला टेकून उभी होती. माझ्या ऐंशीच्या पुढच्या आईला मी हात धरून वर नेलं होतं. पोरांच्या आधी तिलाच कोर दिसली. शेजारच्या गच्चीवर सर आणि वहिनी शतपावली करत होते. मी हाक मारली, तशी दोघं थांबली आणि आईनं बोटानं दाखवलं तिकडे पाहू लागली.

आज रात्री दहाला तुम्हीही वही घेऊन आपल्या इमारतीभोवती एक फेरी मारा. आणि जमलं तर समोरच्या घरी चहाला जाऊन त्यांच्या भिंतीवर काय दिसतं, तेही पाहून या.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)